गाडी तुमच्या नावावर आहे म्हणून पार्किंगचा चार्ज आपोआप तुमच्या माथी बसत नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहता. गाडीच्या व्ही५सीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, नाव तुमचं, पण गाडी तुम्ही, यजमान आणि सध्या पुण्याहून आलेले दीर असे तिघंही चालवता. शनिवारी, ३ मे २०२५ला, गाडी एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मर्यादेपेक्षा ४० मिनिटं जास्त होती, असं पार्किंग कंपनीचं म्हणणं आहे. काचेवर काही चिकटवलेलं नव्हतं. घरी पत्र आलं ते थेट २० मेला, आणि पोस्ट केल्याची तारीख त्यावर १५ मे आहे. १०० पौंड मागितलेत, १४ दिवसांत भरले तर ६०. चालक कोण होता ते सांगावंच लागतं का, ६० भरून मोकळं व्हावं का आणि न भरल्यास व्हिसाला धक्का लागेल का, हे तुम्हाला हवंय.

पहिल्याचं उत्तर: नाही, सांगावं लागत नाही. आणि पत्रावरच्या तारखा तुम्ही दिल्यात तशाच असतील, तर ६० पौंडही भरू नका. पण पत्र फाडूही नका, कारण गप्प बसणाऱ्यांचंच यात सर्वांत जास्त नुकसान होतं. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि आपल्या लोकांच्या दोन तऱ्हा सारख्या बघते. एक घाबरून त्याच रात्री कार्डाने पैसे भरतो. दुसरा ‘प्रायव्हेट कंपनी आहे, काय करणार’ म्हणून पत्रं ड्रॉवरमध्ये टाकत राहतो. दोघांनीही पत्र नीट वाचलेलं नसतं.

आधी एवढं पाहून घ्या की हे पत्र कौन्सिलचं नाही. कौन्सिलची असते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’, खासगी कंपनीची ‘पार्किंग चार्ज नोटीस’. दोन्हींची आद्याक्षरं पीसीएन, कागदाचा रंग आणि मांडणीही मुद्दाम मिळतीजुळती. कौन्सिलच्या नोटिशीत कायदा गाडीच्या मालकालाच जबाबदार धरतो, तिथे चालक कोण हा मुद्दा सहसा कामाचा नसतो. आणि वेगमर्यादेच्या प्रकरणात पोलीस चालकाचं नाव विचारतात तेव्हा ते द्यावंच लागतं, न देणं हाच गुन्हा ठरतो. खासगी कंपनीला असा कुठलाही अधिकार नाही. ती तुमच्याकडे दंड मागत नाहीये. ‘पाटीवरच्या अटी मान्य करून चालकाने आमच्याशी करार केला आणि तो मोडला’ एवढाच तिचा दावा आहे. करार झालाच असेल तर तो चालकाशी.

मग तुम्ही यात कुठून आलात? २०१२च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट’मुळे. त्या वर्षी १ ऑक्टोबरपासून इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेत गाडीच्या चाकाला क्लॅम्प (कुलूप) लावणं बंद झालं, आणि त्या बदल्यात पार्किंग कंपन्यांना त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टाने एक सोय दिली: चालक कोण ते कळत नसेल, तर ठरावीक अटी पाळून रजिस्टर्ड कीपरकडून, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडून, पैसे मागता येतात. या अटींवरच तुमचं सगळं प्रकरण उभं आहे. अट मोडली तर कीपरवरची जबाबदारी संपते, आणि कंपनीच्या हाती उरतो फक्त तो चालक, ज्याचं नाव तिला माहीत नाही. म्हणून तर पत्रात इतक्या सभ्यपणे ‘चालक कोण होता’ विचारलेलं असतं.

आता तुमच्या तारखा घेऊ. काचेवर नोटीस लावली नसेल आणि कॅमेऱ्याने नंबर टिपून थेट पत्र धाडलं असेल, तर ते पत्र गाडी निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांच्या आत पोचलं पाहिजे. पाठवलं नव्हे, पोचलं पाहिजे. ३ मेचा प्रकार, म्हणजे ४ मे हा पहिला दिवस आणि १७ मे चौदावा. पोस्टाने पाठवलेलं पत्र, उलट पुरावा नसेल तर, टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचलं असं कायदा धरतो. शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे यात मोजत नाहीत. तुमचं पत्र गुरुवारी, १५ मेला टाकलंय. शुक्रवार १६ हा पहिला कामकाजाचा दिवस, मग शनिवार-रविवार सोडून सोमवार १९ हा दुसरा. मुदत संपली होती १७ला. बुधवारी १४ तारखेला हेच पत्र टाकलं असतं तर ते शुक्रवारी १६ला पोचलं असं धरलं गेलं असतं आणि हा मुद्दा तुमच्या हातून गेला असता. एका दिवसाचा फरक आहे, म्हणून लिफाफा टाकू नका. पत्रावर छापलेली तारीख आणि पोस्टात पडल्याची तारीख दरवेळी एकच असते असं नाही.

काचेवर नोटीस लावलेली असेल तर हिशेब वेगळा होतो. तेव्हा कीपरला पत्र त्या नोटिशीनंतरचे २८ दिवस संपल्यावर, पुढच्या २८ दिवसांत यावं लागतं. तुमच्या यजमानांना आणि दिरांना एकदा विचारून घ्या की काचेवर खरंच काही नव्हतं ना. नोटिशीची पिवळी पिशवी काढून गाडीच्या दाराच्या कप्प्यात टाकलेली आणि विसरलेली मी पाहिली आहे.

तारखेत पत्र बसत असेल तरी वाचणं संपत नाही. पत्रात गाडी कुठे होती ते स्पष्ट हवं, गाडी उभी होती तो काळ हवा, पैसे कोणाला देणं लागतं ते नाव हवं. चालकाचं नाव-पत्ता आम्हाला माहीत नाही असं म्हणून, ‘पैसे भरा किंवा चालकाचं नाव-पत्ता कळवा आणि हे पत्र त्याला द्या’ असं कीपरला सांगितलेलं हवं. आणि २८ दिवसांत तसं झालं नाही तर कायद्याच्या अटी पूर्ण असल्यास कीपरकडून वसुलीचा हक्क मिळेल, हा इशारा हवा. काही कंपन्यांच्या पत्रांत हा इशारा मुळीच नसतो, नुसतं ‘तुम्हीच चालक होता असं आम्ही गृहीत धरतो’ असं ठोकून दिलेलं असतं. त्या वाक्याला कायद्याचा आधार नाही. २०२३ साली व्हेइकल कंट्रोल सर्व्हिसेस विरुद्ध एडवर्ड या प्रकरणात काउंटी कोर्टाच्या (म्हणजे स्थानिक दिवाणी कोर्टाच्या) अपिलात न्यायाधीशांनी हेच धरलं की केवळ कीपर आहे म्हणून तोच चालक होता असा निष्कर्ष काढता येत नाही. हा निकाल इतर कोर्टांवर बंधनकारक नाही, पण दाखवला तर त्याला वजन असतं.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण जिंकलेलं प्रकरण लोक इथेच हरतात. आपल्याला लहानपणापासून सगळं खरंखरं सविस्तर सांगून माफी मागायची सवय लागलेली असते. मग अपिलाच्या चौकटीत लिहिलं जातं: सॉरी, माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना जेवायला वेळ लागला, मी बिलाच्या रांगेत होते, परत येऊन पाहते तर उशीर झाला होता. भावना खऱ्या, कारण खरं, पण ‘परत येऊन पाहते तर’ या चार शब्दांनी तुम्ही चालक असल्याचं लिहून दिलंत. आता पत्र चार दिवस उशिरा आलं काय आणि चार महिने उशिरा आलं काय, कंपनीला कीपरची गरजच उरली नाही. सहानुभूतीने चार्ज रद्द होणंही क्वचितच.

म्हणून अपील कीपर म्हणून करा. ऑनलाइन फॉर्ममध्ये ‘तुम्ही कोण’ या प्रश्नाला चालक, कीपर, भाड्याने घेणारा असे पर्याय येतात, तिथे कीपर निवडा आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवा. मजकूर इंग्रजीत लागेल, पण त्यात म्हणायचं इतकंच: मी या गाडीची रजिस्टर्ड कीपर आहे. कंपनीचं पत्र २०१२च्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातील परिच्छेद ९च्या मुदतीत पोचलेलं नाही, १५ मेला टाकलेलं पत्र १९ मेला पोचलं असं कायदा धरतो आणि मुदत १७ मेला संपली. त्यामुळे कीपरकडून वसुलीचा हक्क कंपनीला मिळालेला नाही. चालकाचं नाव देणं मला बंधनकारक नाही आणि मी ते देत नाही. चार्ज रद्द करा, नाहीतर स्वतंत्र अपिलाचा कोड पाठवा. बस. जिथे चालकाचा उल्लेख टळत नाही तिथे ‘चालक’ असंच लिहायचं, ‘मी’ नाही, ‘माझे मिस्टर’ही नाही. फोनवर काही बोलायचं नाही.

इथे एक गोष्ट मी स्पष्टच सांगते. नाव न सांगणं हा तुमचा हक्क आहे, खोटं सांगणं नाही. दीर परत जाणार आहेत म्हणून त्यांचं नाव ठोकून द्यावं, असा सल्ला आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो. प्रकरण कोर्टात गेलं तर तुम्ही सत्यतेच्या प्रतिज्ञेवर सही करता आणि न्यायाधीश समोरासमोर विचारू शकतात. तिथे खोटं बोलणं पार्किंगच्या शंभर पौंडांपेक्षा फार महागात पडतं. दीरच खरोखर चालवत असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांचं नाव आणि ते राहतात तो पत्ता देऊन तुम्ही कीपर म्हणून मोकळ्या होऊ शकता. चालकाचा पत्ता म्हणजे तो सध्या राहतो किंवा जिथे त्याच्याशी सोयीने संपर्क होऊ शकतो तो, असं कायदा म्हणतो, तो ब्रिटनमधलाच हवा असं म्हणत नाही. कंपनीने तुमच्यावर दावा लावेपर्यंत हे करता येतं. पण तुमच्या तारखांवर त्याची गरज दिसत नाही.

कंपनी नकार देणार हे धरून चाला. पहिल्या अपिलाला बहुधा साचेबंद उत्तर येतं. त्यानंतर कंपनी कोणत्या संघटनेची सभासद आहे ते बघा. डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, कीपरचा पत्ता फक्त ब्रिटिश पार्किंग असोसिएशन किंवा इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटी या दोहोंपैकी एकीच्या सभासदांनाच देते, दर नोंदीमागे अडीच पौंड घेऊन. पहिलीची सभासद असेल तर पुढचं अपील पोपला या स्वतंत्र अपील सेवेकडे, नकारापासून २८ दिवसांत, फुकट. पोपलाचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनी आपले पुरावे टाकते, मग त्यावर बोलायला तुम्हाला सात दिवस मिळतात. ते सात दिवस वाया घालवू नका, कारण कंपनीने मुदतीच्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही हे दाखवायची जागा तीच. मुदत चुकलेली असेल आणि चालक उघड झालेला नसेल, तर पोपलाकडे तुमची बाजू भक्कम असते. दुसऱ्या संघटनेची असेल तर अपील आयएएस या तिच्या अपील सेवेकडे जातं. माझा त्या अपिलावर भरवसा कमी आहे. तिथे मी लोकांना मुद्दा थोडक्यात मांडायला सांगते आणि हरलात तरी घाबरू नका म्हणते, कारण तोही निर्णय कोर्टाला बांधून ठेवत नाही.

एक रस्ता लोक विसरतात आणि तो कित्येकदा सगळ्यांत लवकर पोचवतो: ज्या दुकानात खरेदी झाली त्याचा मॅनेजर, किंवा रिटेल पार्क सांभाळणारी कंपनी. जागा त्यांची आहे, पार्किंग कंपनी त्यांनी नेमलेली आहे. बिल किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधली नोंद दाखवून, खरे गिऱ्हाईक होतो, चार्ज रद्द करायला सांगा असं विनवलं तर बऱ्याचदा एका ईमेलमध्ये काम होतं. मात्र तिथेही चालक कोण ते लिहायचं नाही, कारण तो ईमेल पार्किंग कंपनीकडे जसाच्या तसा पुढे जातो.

चार्ज अवाजवी आहे हा मुद्दा मुख्य करू नका. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये बॅरी बेव्हिस यांची गाडी २०१३ साली ५६ मिनिटं जास्त राहिली, ८५ पौंडांचा चार्ज आला, आणि ते लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ४ नोव्हेंबर २०१५ला ते हरले. न्यायालयाचं म्हणणं असं की गाड्यांची ये-जा राखण्यात कंपनीचा आणि जागामालकाचा रास्त हितसंबंध आहे आणि पाट्या ठळक होत्या. तेव्हापासून प्रत्येक पार्किंग कंपनी हा निकाल तोंडावर फेकते. पण बेव्हिस स्वतः मालक आणि चालक होते. तुमचा मुद्दा त्या निकालात आलेलाच नाही, हे लक्षात ठेवा. त्या निकालातली पाट्यांची गोष्ट मात्र तुम्हीही वापरू शकता: तुमच्या जागी पाट्या उंच, बारीक अक्षरांत, अंधारात असतील तर फोटो काढून आणा. दोन्ही संघटनांनी मिळून २०२४मध्ये काढलेल्या आचारसंहितेत मुदत संपल्यावर १० मिनिटांची सवलत आहे. तुमच्या ४० मिनिटांना ती पुरत नाही, पण १२-१३ मिनिटांच्या चार्जवर ती तपासावी. आणि कॅमेरा फक्त आत आणि बाहेर टिपतो: सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा गेलात तर मधली बाहेरची नोंद हुकून एकच लांबलचक मुक्काम दिसू शकतो.

जागा कोणती आहे हेही बघा, कारण हा कायदा सगळीकडे लागत नाही. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये हे परिशिष्ट नाही. जिथे पार्किंगवर उपविधींचं (बायलॉजचं, म्हणजे त्या जागेपुरत्या कायदेशीर नियमांचं) नियंत्रण आहे अशी जमीन त्यातून वगळलेली आहे. हीथ्रोला आईबाबांना आणायला आपण सगळेच जातो, आणि हीथ्रोला स्वतःचे उपविधी आहेत. तिथल्या खासगी चार्जला कीपरने दिलेलं उत्तर म्हणूनच वेगळं असतं. रेल्वे स्टेशनांवर मात्र जपून, तिथे उपविधींखाली मॅजिस्ट्रेट कोर्टात जायची वाट असते, त्यामुळे कोणाचं तरी अपील उतरवून पाठवू नका. नोकरीतून लीजवर गाडी असेल तर कीपर लीज कंपनी असते. ती पैसे भरून वर आपली फी लावते की तुमचं नाव पुढे करते, हे आधीच विचारून ठेवा. नाव पुढे केलं तर पार्किंग कंपनीने तुम्हाला भाडेकराराची आणि जबाबदारीच्या कागदाची प्रत जोडून पत्र पाठवावं लागतं. या प्रती जोडायच्या राहतात, आणि तिथे प्रकरण पडतं.

अपील हरलात आणि भरलं नाहीत, तर वसुली कंपन्यांची पत्रं येतील. लाल अक्षरं, रक्कम १७०. या कंपन्या बेलिफ, म्हणजे कोर्टाच्या हुकमाने जप्ती करणारे, नव्हेत, घरी येऊन त्यांना काही उचलता येत नाही. वरचे ७० पौंड कीपरकडून या कायद्याखाली मागता येत नाहीत, कारण कीपरची मर्यादा मूळ पत्रातल्या रकमेइतकी. या पत्रांना उत्तर नाही दिलं तरी चालतं. पण ‘लेटर बिफोर क्लेम’ (दावा लावण्याआधीचं पत्र) आलं की चालत नाही: त्याला ३० दिवसांत उत्तर द्या, तोच मुदतीचा मुद्दा लिहून. आणि नॉर्थॅम्प्टनहून, जिथून असे दावे निघतात, कोर्टाचा क्लेम फॉर्म आला, तर त्यावरच्या तारखेनंतर पाच दिवसांनी तो मिळाला असं धरून १४ दिवसांत पोच नोंदवा. पोच नोंदवली की बचाव दाखल करायला एकूण २८ दिवस मिळतात. मे २०२४पासून छोट्या दाव्यांत फोनवरची मध्यस्थी सक्तीची आहे. फोन घ्यायचाच, पण तडजोड करायची सक्ती नाही. सुनावणी झालीच तर ती तुमच्या जवळच्या कोर्टात लावून घेता येते.

व्हिसाबद्दल: हा गुन्हा नाही, पोलिसांशी संबंध नाही, गुन्ह्याची नोंद होत नाही. खरी भीती आहे ती काउंटी कोर्टाच्या निकालाची, जो तुमच्या नकळत तुमच्याविरुद्ध लागू शकतो. तो महिन्याच्या आत भरला तर नोंद पुसली जाते, नाहीतर सहा वर्षं राहते आणि घराचं कर्ज काढताना समोर उभी ठाकते. आपली माणसं दर वर्ष-दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलतात, कौन्सिल टॅक्स बदलतात, बँक बदलतात, आणि व्ही५सीवरचा पत्ता जुनाच राहतो. सगळी पत्रं आणि कोर्टाचा फॉर्म हाऊन्स्लोच्या जुन्या फ्लॅटवर जातो, नवा भाडेकरू ती कचऱ्यात टाकतो, आणि मॉर्गेजवाला फोन करून विचारतो की हा निकाल कसला. माझ्याकडे रडत आलेली बहुतेक माणसं या कारणाने आलेली असतात, आणि तो निकाल बाजूला काढायला मूळ चार्जहून जास्त खर्च होतो. व्ही५सीवरचा पत्ता डीव्हीएलएच्या साइटवर फुकट बदलता येतो.

पत्र मुदतीत पोचलेलं असतं, पाट्या ठळक असत्या आणि ४० मिनिटं खरोखर उशीर झालेला असता, तर मी तुम्हाला ६० पौंड भरा असंच सांगितलं असतं. तसं सांगायला मला कधी संकोच वाटत नाही. इथे मात्र कंपनीने स्वतःच्या कामाची मुदत पाळलेली नाही. हे अपील याच आठवड्यात कीपर म्हणून टाका, लिफाफ्याचा आणि पत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो सोबत जोडा, आणि नकार आला की पोपलाला पाठवण्याआधी मजकूर मला दाखवा.